सावकाश उठणारं मशीन

फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरातल्या त्या ऑफिसातलं शेकडो प्रोसेसरांचं मशीन सुरू व्हायला फार वेळ घ्यायचं, कारण एक प्रोसेसर उठल्याशिवाय दुसरा उठत नसे. तेवढ्या वेळात अबोल इल्मारी सोबत काम करणाऱ्या तूलियाशी चार शब्द बोलायचा. आज त्याने नवा प्रोग्रॅम घालून सगळे प्रोसेसर एकदम उठवले. मशीन लगेच सुरू झालं, टाळ्या पडल्या.

लोक पांगल्यावर तूलियाने विचारलं, “कधी जमवलंस रे हे?”

“उन्हाळ्यातच.”

“आणि बर्फ पडेपर्यंत दाबून ठेवलंस?”

“उद्या तू कायमची हेलसिंकीला चाललीस. आता कुणासाठी थांबवू?”

तूलियाने मशीन बंद केलं.

“जुनाच प्रोग्रॅम घाल परत,” ती म्हणाली. “मला बोलायला वेळ लागणार आहे.”