दोघांचा फोल्डर

पोहे संपताच शलाकाने संगणकापुढची खुर्ची निनादसाठी ओढली. हल्ली मुलगा बघायला आला की त्याला तिथे बसवल्याशिवाय कुणी होकार देतच नसे. समोर बसलेल्याच्या मनातलं ओळखून संगणक फोल्डरला नाव द्यायचा. तिथे लपवाछपवी चालत नसे.

निनाद बसला. दोघांचे फोटो आणि पत्रिका ठेवलेला फोल्डर क्षणभर बिननावाचा राहिला. मग अक्षरं उमटली: ‘आईच्या हट्टापायी’.

निनादच्या आईचा चेहरा खर्रकन उतरला.

“आता तुम्ही बसा,” उठत तो शलाकाला म्हणाला.

“बसते की! मला कसली भीती?”

ती तोऱ्यात बसली. सगळे पडद्याकडे टक लावून बघत राहिले. नावातलं एक अक्षरही बदललं नाही.