दहात एकदा

साप चावलेल्या सुक्कीजवळ एकतीस मिनिटं उरली होती आणि नागपूर चाळीस मिनिटांवर होतं, म्हणून बिनपायलटचं हेलिकॉप्टर आपणहून परत भामरागडकडे वळायला लागलं. नियमच तसा होता. पेशंट पोचणार नसेल तर उगाच फेरी नको, तेवढ्यात दुसरा कोणी वाचतो. मनगटावरच्या पट्ट्यावरून माणसाचं उरलेलं आयुष्य सांगणारी ती मशीन दहात नऊ वेळा बरोबर निघायची. राहिलेल्या एकासाठी हेलिकॉप्टरवरच्या सगळ्याच नर्स एक चोरटं काम करायच्या. आधी स्वतःचा आकडा दिसू नये म्हणून मशीनच्या स्क्रीनवर चिकटपट्टी लावायची, मग पेशंटचा पट्टा काढून स्वतःच्या मनगटावर चढवायचा.

करुणा मेश्रामने आज घाईत पट्टा आधी चढवला. हेलिकॉप्टर पुन्हा नागपूरच्या दिशेला लागलं. चिकटपट्टी तिच्या हातातच राहिली होती आणि स्क्रीनवर तिचा स्वतःचा आकडा आला होता: सतरा दिवस.

तिने चिकटपट्टी लावली, कडा अंगठ्याने नीट दाबल्या. मग सुक्कीची नाडी धरून ती घड्याळाकडे बघत ठोके मोजायला लागली.

पायाशी बसलेला सुक्कीचा नवरा लच्छू त्या चिकटपट्टीकडे बघत होता. "सिस्टर, मशीन काय म्हणते?" त्याने विचारलं.

"तिचं काय मनावर घेता, दादा. दहात एकदा चुकते ती."

"आज चुकंल?"

सुक्कीचे ठोके मोजून झाले होते. तरी करुणाने बोटं उचलली नाहीत.

"आज तिला दोनदा चुकावं लागेल," ती म्हणाली.