घरचा दुभाष्या

सूनबाई सिंकपाशी पाठमोरी उभी होती. सासूबाईंनी वाक्य मनातल्या मनात एकदा घोळवलं, घसा खाकरला आणि सुनेच्या भाषेत तिला विचारलं, "मी धुतलेल्या ताटल्या तू परत का धुतेस?"

नळ बंद झाला. सून वळली. हातात ओली ताटली आणि तोंडाचा आ. टेबलाशी मोबाईल चाळत बसलेल्या चिरंजीवांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. कारण इतक्या वर्षांत या घरात सासू सुनेशी थेट एकही वाक्य बोलली नव्हती. जे काही बोलणं व्हायचं ते चिरंजीवांच्या तोंडून.

"या वयात कशाला भाषेचा ताप करून घेतेस, आई? मी आहे ना," असं तो सासूबाई या देशात आल्या त्याच दिवशी म्हणाला होता. सासूबाईंनाही ते पटलं होतं. सगळा संसार एका भाषेत निभावला, आता काय बालवाडीत जाऊन बसू? पण आपल्या हातची घासलेली भांडी सून रोज गुपचूप परत धुते, हे त्यांनी पाहिलं आणि ते त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी मुलाला विचारायला लावलं. तो म्हणाला, "अगं, ती म्हणते, तुमची किती मदत होते!" याला काय उत्तर म्हणायचं? मनाने घेतलं ते घेतलंच. आपण इथे नकोशा आहोत. त्यांनी परतीचं तिकीट काढायला सांगितलं. पण मुक्याने आले तशी मुक्याने जाणार नाही, हेही तेव्हाच ठरवलं.

मग फिरायला जाते सांगून त्या वाचनालयातल्या भाषेच्या वर्गाला जाऊ लागल्या. वर्गात सगळ्यांत मोठ्या त्याच, आणि सगळ्यांत जास्त बडबड त्यांचीच. चुका खंडीभर, पण लाज नावालाही नाही. काही आठवड्यांनी जिन्यात शेजारच्या आजी नेहमीसारखं काहीतरी पुटपुटल्या. या आजी आपल्या तब्येतीची चौकशी करतात, असं चिरंजीव सांगत आले होते, म्हणून सासूबाई त्यांच्याकडे बघून दर वेळी गोड हसायच्या. त्या दिवशी त्यांना ते वाक्य समजलं. "इतकी वर्षं झाली, अजून इथलं बोलता येत नाही?" सासूबाई जिन्यातच थबकल्या. आजींचा राग आलाच, पण त्याहून मोठी शंका आली. हा पोरगा हे गोड करून सांगत होता, तर मग घरात काय काय गोड केलंय याने?

"तुम्ही गार पाण्याने धुता," सून हळूहळू, एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "ताटल्या तेलकट राहतात. मी याला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं."

"मला सांगायचं होतंस!"

"कसं सांगणार? आणि तुम्ही दर आठवड्याला माझं कपाट का उचकता? नको, नको म्हणून मी किती वेळा सांगितलं!"

"नको म्हणालीस?" सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. 'कपाट आवरलंस म्हणून ती खूश झाली, आई. थँक्यू म्हणते,' हे याचेच शब्द. त्या भरवशावर बाईंनी सुनेच्या आतल्या कपड्यांनासुद्धा इस्त्री केली होती. चिरंजीव आता टेबलाच्या लाकडाकडे फार बारकाईने बघत होते.

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम करता," सून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि आवाज मात्र चढला होता. "मला वाटलं, मी तुम्हाला आवडतच नाही. म्हणून तुम्ही चाललात."

"मी चालले, कारण मी तुला नको."

"कोण म्हणालं असं?"

कोणीच म्हणालं नव्हतं. सासूबाईंच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. मग काय विचारता! इस्त्रीपासून खिडक्या उघड्या ठेवण्यापर्यंत, जेवणातल्या मिठापासून दार आपटण्यापर्यंत, साठलेलं सगळं बाहेर आलं. सासूबाईंचे शब्द संपायचे तेव्हा त्या हातवारे करायच्या. सून थांबून त्यांना अडलेला शब्द पुरवायची आणि मग त्याच शब्दावरून पुन्हा भांडायची. सासूबाईंचे गाल लाल झाले. इतक्या दिवसांत त्यांना एवढं बरं वाटलं नव्हतं. पाहुणीशी कोण कशाला भांडेल? हे भांडण घरातल्या माणसाशी चाललं होतं.

"तिकीट रद्द करा," सून म्हणाली. "माझं अजून संपलेलं नाही."

"माझं तर आता सुरू झालंय," सासूबाई पदर खोचत म्हणाल्या.

एवढ्यात चिरंजीव उठले. सवयीने दोघींच्या मधोमध येऊन उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि आवाजात सगळी साखर ओतून म्हणाले, "आई, ती म्हणते की..."

"तू मध्ये बोलू नकोस!" दोघी एकदमच ओरडल्या. सासू सुनेच्या भाषेत. आणि सून, तीही गुपचूप शिकत होती की काय, एकही शब्द न चुकता, सासूच्या.