शाश्वत पंगत

भुवनाची पदवी परसातल्या केळींवर अडली होती. तंजावूरच्या कॉलेजात तेव्हा पर्यावरणपूरक उद्यानरचनेची नवी टूम निघाली होती, आणि तिने मोरीच्या सांडपाण्यावर केळीची बाग फुलवली होती. परीक्षक साहेबांना स्टेशनवरून घेऊन ती घरी आली, तर त्यांच्या मानासाठी आईने अख्खी गल्ली पंगतीला बसवलेली.

"आई, अप्पांनी थर्माकोलच्या ताटल्या आणल्या होत्या ना?"

"पर्यावरणाच्या साहेबांना थर्माकोल? शिकलीस काय एवढी वर्षं!" आई फणकारली.

साहेब सांबार-भात पोटभर जेवले. "हेच खरं पर्यावरण!" म्हणत त्यांनी केळीचं पान दुमडलं. "चला, आता बाग दाखवा."



भुवनाने त्यांचं दुमडलेलं पान पुन्हा उलगडलं.