येणंजाणं

माणूस कधीच एकटा नसतो. त्याच्या अंगाखांद्यावर अब्जावधी जिवाणू सुखाने नांदत असतात. ‘विज्ञान न शिकलेल्यांसाठी सूक्ष्मजीवशास्त्र’ या वर्गात पूर्णिमा मॅडमनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं, आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या पाटोळे सरांनी ते वहीत उतरवून खाली रेघ मारली. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

गृहपाठ सोपा होता. घरात ज्या वस्तूला सर्वांत जास्त हात लागतात, तिच्यावरून कापसाचा बोळा फिरवून आणायचा. कोणी टीव्हीचा रिमोट निवडला, कोणी फ्रिजची मूठ. सरांनी दारावरच्या बेलचं बटण निवडलं.

“आमच्याकडे येणंजाणं फार,” ते म्हणाले.

मॅडमनी प्रत्येकाने आणलेला बोळा जिवाणू वाढवायच्या काचेच्या प्लेटवर फिरवला, आणि तुलनेसाठी प्रत्येकाचं एक बोटही वेगळ्या प्लेटवर टेकवून घेतलं.

पुढच्या आठवड्यात बाकीच्यांच्या प्लेटांवर रंगीबेरंगी जत्रा भरली होती. सरांच्या बेलच्या प्लेटवर मात्र नुसते पिवळे ठिपके होते, आणि त्यांच्या बोटाच्या प्लेटवरही हुबेहूब तेच.

“काका, ही बेल एकच माणूस वाजवतोय,” मॅडम हळूच म्हणाल्या. “तुम्हीच.”

“अहो, मग दार कोण उघडतं?” मागच्या रांगेतून सदाशिव पेठेतल्या शर्मिलाबाईंनी विचारलं.

वर्ग हसला. जरा उशिराने सरही हसले.

बेल बिघडली असेल म्हणून कोणी येत नसेल, या शंकेने ते रोज संध्याकाळी दाराबाहेर उभं राहून ती एकदा दाबून बघत.

बेल उत्तम चालत होती.