अनोळखी फोन

चंदनसारच्या फ्लॅटमध्ये रविवारी दुपारी भूपेश नवे स्मार्ट स्पीकर वायफायला जोडत होता. स्वयंपाकघरातला स्पीकर काही केल्या जोडला जाईना, म्हणून त्याने राउटरचं ॲप उघडलं. तिथे एक अनोळखी फोन जोडलेला दिसला.

"ऋतिका, हा फोन कोणाचा? माझ्यामागे कोण येतं घरी?"

"मला खरंच नाही माहीत," बायको म्हणाली, तोच त्याने हातातला स्पीकर तिच्या कपाळावर हाणला. रक्त डोळ्यांत उतरलं. केसांना धरून त्याने तिला फरफटत हॉलमध्ये आणलं आणि पोटात लाथ घातली. "नाव सांग त्याचं!" तिला श्वास घेता येईना. आज हा आपल्याला जिवंत सोडत नाही, एवढंच तिला कळत होतं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाई आल्या. नवरा वारल्यावर उमेळ्याहून इथे राहायला आलेल्या जयवंतीबाई मुलाच्या मारहाणीबद्दल आजवर चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

"सोड तिला. तो फोन माजा हाय. तुज्या बहिनीनं दिलाय." मग कानाला लावलेल्या त्याच फोनवर त्यांनी बिल्डिंगचं नाव सांगितलं, मजला सांगितला. "लवकर या सायेब, सून मरंल माजी."

भूपेशचा पुन्हा उगारलेला हात हवेतच राहिला. "आई, तू पोलीस बोलावलेस? पोटच्या पोरावर?"

 

"तुज्या बापाच्या वेळेला माज्याकडं फोन नव्हता."