त्या घरचं कुणी नको

“मरियामाता आत येईल. त्या घरचं कुणी येणार नाही.”

स्कोलास्तिका दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभी होती. अंगणात सगळी वाडी मेणबत्त्या घेऊन ताटकळली होती. ऑक्टोबर म्हणजे जपमाळेचा महिना. मरियामातेची मूर्ती रोज एका घरी मुक्कामाला जाते आणि ती पोचवायची असते आदल्या घरच्या बाईनं. यंदा आदलं घर नेमकं दोनातुसचं आलं. त्याची बायको ब्रिगिता मूर्ती छातीशी धरून पायरीखाली उभी होती.

“अहो, रीत आहे ती,” प्रार्थना सांगणारे म्हातारे कानिसिउस गुरुजी म्हणाले. “आणि आज जरा ऐकूनही घ्या...”

“रीत मला शिकवू नका गुरुजी! माझी पोर पळवली तेव्हा कुठे शेण खायला गेली होती यांची रीत?”

स्कोलास्तिकाच्या तोंडी लागायचं म्हणजे गांधीलमाश्यांच्या पोळ्यात हात घालायचा. गुरुजींनी ब्रिगिताच्या हातून मूर्ती घेतली आणि आत नेली. मागोमाग वाडीतली माणसं शिरली. दोनातुसच्या घरची मंडळी मेणबत्त्यांच्या मागे अंधारात मुकाट उभी राहिली. स्कोलास्तिकानं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं त्यांच्या तोंडावर दार लावलं आणि आतून कडी घातली.

तिचं चुकलं असं तरी कोणत्या तोंडानं म्हणायचं? दोनातुसच्या मुलानं, फिदेलिसनं, तिची एकुलती एक युवेन्ता नेली ती थेट मलेशियात, पामच्या मळ्यात राबायला. ना मागणी, ना बोलणी. या बेटावर मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाच्या घरी हस्तिदंत द्यायचा असतो, तो राहिला बाजूला; साधी सुपारीसुद्धा या उंबऱ्यावर आली नाही. स्कोलास्तिकाचा नवरा त्याच दुःखात गेला. तेव्हापासून दोन्ही घरांत अबोला. अबोला म्हणजे स्कोलास्तिकाचाच. ब्रिगिता अधूनमधून कुंपणाशी यायची, कधी मुलांचा फोन आल्याचं निमित्त, कधी डुक्कर सुटल्याचं. स्कोलास्तिका तिच्यावर कुत्रं सोडायची. आज दुपारीही ती धापा टाकत आली होती. “ताई, एकदा ऐका तरी!” स्कोलास्तिकानं भांड्यांचं खरकटं पाणी कुंपणावरून भिरकावलं आणि वर म्हणाली, “हे ऐक!”

मूर्ती मेजावर बसली. फुलं वाहिली. तळलेल्या केळ्यांचं ताट झाकून कोपऱ्यात ठेवलं होतं. गुरुजी म्हणाले, “घरच्या बाईनं आपलं मागणं सांगावं.”

मागणं लोक हात जोडून, हळू आवाजात सांगतात. स्कोलास्तिका कमरेवर हात ठेवून मूर्तीसमोर उभी राहिली.

“बहिरी आहेस का गं तू?”

कमरेवरचा एक हात काढून तिनं मूर्तीकडे बोट रोखलं.

“पाच ऑक्टोबर झाले. दर वर्षी फुलं घेतेस, मेणबत्त्या घेतेस, रात्रभर माझ्या घरात राहतेस आणि सकाळी निघून जातेस. मी काय मागितलं? सोनं मागितलं? माझी पोर माझ्या दारात आणून उभी कर, एवढंच ना? तूही आईच आहेस. तुझा मुलगा तीन दिवस हरवला तर तुझ्या जिवाचं पाणी झालं होतं. माझी पाच वर्षं गेली. घसा फुटेस्तोवर हाका मारतेय तुला, बहिरी आहेस का?”

कुणीतरी कुणाला तरी कोपरानं ढोसलं. पलीकडची एक बाई ओठ चावून खाली बघू लागली.

“हसा! तुमच्या पोरी घरात आहेत, तुम्ही हसणारच.”

गुरुजी काही बोलणार होते. तिनं त्यांच्या हातातली जपमाळ ओढून घेतली आणि स्वतःच सुरुवात केली. नमो मरिये म्हणत होती, पण खिळे ठोकावेत तसे शब्द पडत होते. अर्धी प्रार्थना तिनं म्हणायची, उरलेली अर्धी सगळ्यांनी. आतली माणसं म्हणत होती आणि अंगणातलीही म्हणत होती. दाराला कडी घालता येते. बांबूच्या भिंतीला कोण घालणार? तिनं आवाज आणखी चढवला.

तिसऱ्या की चौथ्या मण्याला तिचं लक्ष गेलं. अंगणात कुणीतरी घाई करत होतं. हिची अर्धी प्रार्थना संपायच्या आतच तिथून “हे पवित्र मरिये” सुरू व्हायचं. युवेन्ता लहानपणी असंच करायची. जप लवकर उरकावा आणि केळी खायला मिळावीत म्हणून. दर वेळी मांडीला चिमटा बसायचा, तरी पोरगी सुधारली नाही.

स्कोलास्तिकाचा हात आपसूक चिमट्यासाठी शेजारी गेला. शेजारी कुणी नव्हतं. हात तसाच हवेत राहिला.

पुढचा मणी तिनं मुद्दाम सावकाश म्हटला. शब्द पुरते संपू दिले नाहीत, मध्येच थांबली. आतलं कुणीच बोललं नाही. सगळे तिच्याकडे बघत होते. बाहेर मात्र एकच आवाज, थोडा जाडा झालेला, थोडा रडवेला, तिच्या पुढे धावत आमेनपर्यंत जाऊन पोचला.

तिच्या हातातून जपमाळ गळून पडली.

आणि दारावर धाडकन थाप पडली. एक, मग दुसरी. ब्रिगिता होती. ताई आणि अहोजाहो तिनं आता गुंडाळून ठेवलं होतं.

“अगं ए स्कोलास्तिका, बहिरी आहेस का? दुपारपासून हाका मारतेय! पोर दारात उभी आहे तुझी, कडी काढ!”